‘किती’पासून ‘कोठे’पर्यंत : हृत्स्नायूपेशीतील ग्राहींच्या स्थानविचाराचा इतिहास

प्रस्तावना

अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात मिसळताच हृदयाची गती वाढते व आकुंचन जोरकस होते. हा परिणाम हृत्स्नायूपेशीतील ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, या प्रथिनांमार्फत घडून येतो. विसाव्या शतकातील संशोधकांनी या ग्राहींचे प्रकार ओळखले व त्यांची संख्याही मोजली. परंतु ते पेशीत नेमके कोठे आहेत, हा प्रश्न दीर्घकाळ गौणच राहिला. तो गौण का राहिला आणि पुढे मध्यवर्ती कसा ठरला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकल्पनेपासून गणनेपर्यंत

केंब्रिज येथील जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये स्नायूतील ‘ग्रहणक्षम द्रव्या’ची कल्पना मांडली. १९४८ मध्ये अमेरिकेतील रेमंड अ‍ॅल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रेनॅलिनसदृश द्रव्यांच्या प्रभावाचा क्रम तपासून ग्राहींचे अल्फा व बीटा असे दोन वर्ग सुचविले. ग्राही कोणी पाहिलेला नव्हता. परिणामांवरून काढलेले ते अनुमान होते. तरीही त्याच आधारावर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रानोलॉल हे बीटारोधक औषध सिद्ध केले. १९६७ मध्ये लँड्स व सहकाऱ्यांनी बीटा-१ व बीटा-२ असा पोटभेद दाखविला. ग्राहीचा निरोप पेशीच्या आत पोहोचविणाऱ्या चक्रीय एएमपी या ‘दुय्यम दूता’चा शोध अर्ल सदरलँड यांनी १९५० च्या दशकातच लावला होता, त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७० च्या दशकात किरणोत्सारी खूण केलेल्या द्रव्यांच्या साहाय्याने ग्राही मोजता येऊ लागले. १९८२ मध्ये ब्रिस्टो व सहकाऱ्यांनी निकामी होत चाललेल्या मानवी हृदयांत बीटा ग्राहींची घनता सुमारे निम्म्याने घटल्याचे दाखविले. ही मोठीच उपलब्धी होती. मात्र अशा मोजणीसाठी ऊतक वाटून घ्यावे लागे, आणि वाटलेल्या ऊतकात ग्राहींची संख्या उरली तरी त्यांचा पत्ता पुसला जाई. साधनाची मर्यादा ही अशा रीतीने प्रश्नाचीच मर्यादा ठरली.

एक न सुटलेले कोडे

वास्तविक या विचारपद्धतीला आव्हान देणारा पुरावा १९७९ मध्येच पुढे आला होता. हेज, ब्रंटन, मेयर प्रभृतींना असे आढळले की, आयसोप्रोटेरेनॉल व प्रोस्टाग्लँडिन ई-१ ही दोन्ही द्रव्ये हृदयातील चक्रीय एएमपी वाढवितात. परंतु आकुंचनाचा जोर पहिल्यानेच वाढतो. दूत एकच, मग परिणाम भिन्न का? पेशीत या दूताचे स्वतंत्र कप्पे असावेत, असे उत्तर सुचविले गेले. पाण्यात सहज विरघळणारा इतका लहान रेणू कप्प्यात बंदिस्त राहील कसा, हा आक्षेप स्वाभाविक होता, आणि जिवंत पेशीत डोकावण्याचे साधन उपलब्ध नव्हते.

पत्त्याचा शोध

१९९६ मध्ये युरेव्हिचुस व फिशमाइस्टर यांनी बेडकाच्या हृत्पेशीच्या एकाच भागाला बीटा-उत्तेजक द्रव्य दिले. तेव्हा कॅल्शियम-मार्गांचा प्रतिसाद मुख्यतः त्याच भागापुरता राहिला. २००२ मध्ये झाक्कोलो व पोझान यांनी प्रकाशमान खुणांच्या आधारे उंदराच्या नवजात पिलांच्या हृत्पेशींत चक्रीय एएमपीची सूक्ष्म क्षेत्रे प्रत्यक्ष दाखविली. फॉस्फोडायएस्टरेज ही विकरे या दूताचे सतत विघटन करून त्याचा प्रसार रोखतात. कप्प्यांच्या भिंती त्या याच.

पुढील टप्पा २०१० मध्ये निकोलाएव्ह, गोरेलिक व सहकाऱ्यांनी गाठला. निरोगी उंदरांच्या हृत्पेशीत बीटा-१ ग्राही सर्व पृष्ठभागावर, तर बीटा-२ ग्राही केवळ पेशीत खोल शिरणाऱ्या आडव्या नलिकांत कार्यरत असल्याचे त्यांना आढळले. हार्ट फेल्युअर झालेल्या प्राण्यांत मात्र बीटा-२ ग्राही नलिकांबाहेरील पृष्ठभागावरही आढळले, आणि त्यांचा एरवी मर्यादित राहणारा संदेश पेशीभर पसरू लागला. ग्राही तोच, स्थान बदलताच त्याच्या संदेशाचा अर्थ बदलला.

ग्राही केवळ पृष्ठभागावर असतात, हे गृहीतकही टिकले नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हृत्पेशीच्या आत, गॉल्जी पिंडावरही बीटा-१ ग्राही कार्यरत असून पेशीच्या अपायकारक वाढीशी त्यांचा संबंध आहे. पेशीत शिरू शकणारे मेटोप्रोलॉल त्यांना रोखते. शिरू न शकणारे सोटालॉल रोखत नाही.

समारोप

यातील बराचसा पुरावा प्राण्यांच्या पेशींवरील प्रयोगांचा आहे. त्यावरून मानवी उपचारांविषयी थेट निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तथापि, औषध कोणत्या ग्राहीला बांधले जाते याबरोबरच ते कोठल्या ग्राहीपर्यंत पोहोचते, हेही विचारणे आता अपरिहार्य झाले आहे. विज्ञानाच्या अध्यापकांसाठी या इतिहासाचा आणखी एक बोध आहे. १९७९ चे निरीक्षण चुकीचे नव्हते. ते पडताळण्याची साधने घडण्यास दोन दशके लागली. प्रचलित सिद्धांतात न बसणारी निरीक्षणे विद्यार्थ्यांसमोर ‘अपवाद’ म्हणून बाजूला न ठेवता ‘प्रलंबित प्रश्न’ म्हणून मांडणे, म्हणूनच अधिक योग्य होय.