खळ्यावरची बैठक

चंद्राभोवती कधी कधी प्रकाशाचे कडे दिसते. त्याला आपण 'खळे पडले' असे म्हणतो. शेतकऱ्याने आपल्या अंगणातला शब्द थेट आभाळाला देऊन टाकला! मधोमध रोवलेला तिवडा, त्याला जुंपलेली बैलांची पात आणि पायांखाली कणसे. बैल गोल फिरणार, म्हणून खळेही गोल. शब्द फार जुना आहे; संस्कृतात तो 'खल' असा येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर खळ्याचा नियमच आहे. तेथे काम करणाऱ्यांनी विस्तव बाळगू नये, पाणी मात्र जवळ ठेवावे.

आता हडंबा आला, ट्रॅक्टर आला. कित्येक दिवसांची मळणी काही तासांत उरकते आणि खळे रिकामे पडते. मग घरातली तरुण मुले म्हणतात, येथे मांडव घालू, चार बाकडी टाकू, पाहुणेरावळे आले की येथेच बसू. म्हाताऱ्यांना हे थोडे खटकते. पण कोकणात जाऊन पाहा. तेथे खळे घराच्या पुढ्यातच असते. पाऊस सरला की त्यावरचे गवत काढायचे, माती खणून सारखी करायची, पाणी शिंपडून ती चोपायची आणि वरून शेणाने सारवायचे. त्याच जमिनीवर भात झोडायचे, त्याच जमिनीवर कार्तिकात तुळशीचे लग्न लावायचे आणि पुढे घरच्या लेकीच्या लग्नाचा मांडवही तेथेच उभा करायचा. भात घरात गेले तरी त्या जागेचे नाव खळेच राहते.

देशावरचे खळे बहुधा शेतात किंवा गावाबाहेर. रास घरी जाईपर्यंत ते उघडे टाकता येत नसे, म्हणून राखणीला माणसे रात्री तेथेच निजत. मग गप्पा, गाणी, शेजारच्या खळ्यावरून आलेली हाक. बैठक म्हणाल तर ती अशी आपोआप भरत होती.

परंतु खळ्याची आणखी एक बाजू आहे आणि ती शिक्षकमंडळींनी मुलांना जरूर सांगावी. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' 1915 साली प्रसिद्ध झाला. त्यात बलुत्याची हकीकत सविस्तर वाचावयास मिळते. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग यांनी वर्षभर काम करायचे आणि पीक निघाले की आपला वाटा न्यायला यायचे. हा वाटा सर्वांना सारखा नसे. थोरली, मधली, धाकटी अशा ओळी लावलेल्या असत. चार माणसांसमोर माप होत असे, हे खरे. पण ज्याच्या हाती माप, त्याची मर्जीही त्या मापात असे. रास मधोमध, काहीजण तिच्याजवळ, काहीजण कडेला घोंगडी पसरून ताटकळत उभे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोकड मिळावी, ही त्यातली एक महत्त्वाची मागणी होती. धान्यासाठी दारोदार आणि खळ्याखळ्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्या माणसाची ती मागणी होती. ते विधेयक पुढे पार पडले नाही. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली.

तेव्हा खळ्याची बैठक करायची, तर कडेची ती उभी राहण्याची जागा आत घ्यावी लागेल. म्हणूनच माझे मत असे की भोवती भिंत घालू नये. फार तर गुडघाभर दगडी कट्टा बांधावा आणि तोही चहूकडून आत शिरता येईल असा तुटक ठेवावा. सिमेंट ओतण्याची घाई करू नका. उन्हाळ्यात त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. मुरूम पसरून, पाणी मारून, चोपून घेतलेली जमीन पुष्कळ दिवस टिकते. पाणी वाहून जाण्यास एका बाजूला किंचित उतार द्यावा. सावलीला कडुनिंब असेल तर मांडवाचा खर्चही वाचतो. हिवाळ्यात कोणी शेकोटी पेटवलीच, तर कौटिल्याची आठवण ठेवून पाण्याची घागर शेजारी भरून ठेवा. जवळपास कडब्याची गंज असतेच.

आणि तिवड्याचा खड्डा बुजवू नका. त्यात एक बांबू रोवा आणि रात्री त्यावर कंदील टांगा. मधोमध असल्यामुळे त्याचा उजेड सगळीकडे सारखा पडतो.