वाळूचा दगड करणारे जिवाणू

वाळवंटात वाळूला तोटा नाही. पण काँक्रीटसाठी ती फारशी उपयोगी पडत नाही. वाऱ्याने घासून गोलसर झालेले तिचे बारीक कण एकमेकांत घट्ट बसत नाहीत. हेच कण जागच्या जागी सांधण्याचे काम 'स्पोरोसार्सिना पाश्चुरी' हा मातीतला जिवाणू करू शकतो. त्याला युरिया आणि कॅल्शियमचे द्रावण पुरविले, की तो युरियाचे विघटन करतो. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बोनेटचा कॅल्शियमशी संयोग होतो आणि कणांच्या फटींत कॅल्साइट साचते. सुटी वाळू वालुकाश्मासारखी घट्ट होते.

स्वीडिश वास्तुरचनाकार मॅग्नस लार्सन यांनी या गुणाच्या आधारे २००९ मध्ये एक धाडसी कल्पना मांडली. सहाराचा विस्तार रोखण्यासाठी आफ्रिकेच्या आरपार सुमारे ६,००० किलोमीटर लांबीची भिंत उभारायची, तीही वाळूच्या टेकड्याच गोठवून, आत राहण्याजोग्या पोकळ्या ठेवून! ही भिंत कागदावरच राहिली.

जर्मन डिझायनर मार्कस कायझर यांनी मात्र २०११ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात यंत्रच नेले. मोठ्या भिंगाने एकवटलेले ऊन वाळू वितळवीत होते आणि संगणकाच्या आज्ञेनुसार थरावर थर चढत होता. त्यातून काचेसारखे वाडगे तयार झाले, घर नव्हे.

जिवाणूंच्या मार्गातली अडचण निराळी आहे. युरियाच्या विघटनातून अमोनियाही निर्माण होतो. भूजल दूषित होऊ नये म्हणून त्याचा निचरा करावा लागतो. शिवाय द्रावण वाळूत खोलवर मुरविण्यासाठी पाणी हवे, आणि सहारात त्याचीच टंचाई आहे.