हृदयरोपणोत्तर यांत्रिक रक्ताभिसरण साहाय्य

रोपण केलेले हृदय पहिल्या २४ तासांत, अन्य स्पष्ट कारण नसताना, पुरेसे रक्त ढकलू शकले नाही तर त्यास प्राथमिक रोपण-अकार्यक्षमता म्हणतात. औषधे व महाधमनीतील फुगा (बलून पंप) अपुरे पडल्यास एक्मो यंत्र जोडतात. त्यात जांघेतील शिरेतून काळपट रक्त नळीने बाहेर येते, पंप व कृत्रिम फुप्फुसातून जाऊन लालभडक होऊन जांघेतीलच धमनीत परतते. त्या पायाचा रक्तपुरवठा तुटू नये म्हणून बारीक वेगळी नळी घालतात. हे विसरल्यास पाय गमवावा लागू शकतो. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, साहजिकच रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय उलट दिशेने येणाऱ्या प्रवाहाचा ताण डाव्या जवनिकेवर पडतो. हृदय सावरले की, बहुधा काही दिवसांत, यंत्र काढतात.

असे यांत्रिक साहाय्य रुळण्याआधी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये भारतातील पहिले मानवी हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. प्रौढ रुग्ण एक्मोने वाचल्याचे पहिले उदाहरण १९७१चे, त्यामुळे सेन यांच्या अपयशाला आजचे माप लावणे अन्यायाचे ठरेल. मुंबईत यशस्वी रोपण व्हायला २०१५ उजाडले.