टूरमालेच्या उतारावर नक्की काय मोडलं?

जुलै 2019. आमच्या हॉस्टेलची मेस साडेआठला बंद व्हायची आणि टूर द फ्रान्सचा टप्पा आपल्याकडे साडेआठ-नऊच्या सुमाराला संपायचा. त्यामुळे जुलैत मी बऱ्याचदा बिस्किटांवर झोपले आहे. त्या संध्याकाळी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर टूरमालेची चढण चालू होती. पिरेनीज पर्वतातला 2115 मीटर उंचीचा हा घाट. तिबो पिनो जिंकला, पण माझ्या डोक्यात राहिली ती समालोचकाने जाता जाता सांगितलेली 1913 सालची गोष्ट. याच घाटाच्या उतारावर ओझेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला, सायकल खांद्यावर घेऊन तो 14 किलोमीटर चालला आणि खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीत त्याने तो स्वतः जोडला.

पुढे माझी पीएच.डी. धातूंच्या थकव्यावर सुरू झाली. थकवा म्हणजे फटीग: एका दणक्यात न मोडणारा धातू लहान लहान ताण हजारो वेळा सोसून अचानक तुटतो, तो प्रकार. मग काय, प्री-पीएच.डी. प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड क्रिस्तोफची! "1913: थकव्याने मोडलेला फोर्क, 14 किलोमीटरची पायपीट." समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "थकव्यानेच मोडला, हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत आलं आणि त्या ओळीशेजारी पेन्सिलने लिहिलं होतं, 'संदर्भ?'

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर हा शब्द तुमच्याही वाट्याला येईल. मी तो जरा जास्तच मनावर घेतला. गेल्या जूनमध्ये तुलूझला परिषदेत पोस्टर होतं. ते संपल्यावर दोन दिवस हाताशी ठेवले, रेल्वेने तार्ब गाठलं आणि पुढे बस पकडली. (शेंगेन व्हिसाच्या अर्जात 'प्रवासाचा हेतू' या रकान्यात फोर्क लिहायला जागा नसते.)

आधी थोडं मागे जाऊ. टूर ही मुळात वर्तमानपत्र खपवायची युक्ती. 'लोतो' या क्रीडा-दैनिकाने 1903 मध्ये ती सुरू केली. संपादक आँरी देग्रांज. 1910 मध्ये शर्यत पहिल्यांदा टूरमालेवर गेली, तेव्हा घाटातला रस्ता म्हणजे दगडमाती होती. आता हे लक्षात घ्या: शर्यत ज्याची, बातमीही त्याचीच. सायकलपटूंचे पगार सायकल कंपन्या देत. म्हणजे त्या काळच्या बातमीत कोणी काय गाळलं असेल, हा प्रश्न कागद हातात घेण्याआधीच विचारायला हवा. 'लोतो'चे जुने अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या डिजिटल संग्रहात घरबसल्या वाचता येतात. माझं फ्रेंच शब्दकोशाच्या कुबड्यांवर चालतं, तरी वाचता येतात.

क्रिस्तोफ तेव्हा 28 वर्षांचा, म्हणजे माझ्याच वयाचा. पेशाने कुलपं बनवणारा कारागीर, संघ प्युजोचा. बायोन ते लुशों हा 326 किलोमीटरचा टप्पा होता आणि एकूण वेळेत तो पुढे येण्याच्या बेतात होता. त्याच वर्षी निकाल गुणांऐवजी पुन्हा वेळेवर ठरू लागला होता. गुणांच्या पद्धतीत एका टप्प्यावर चार तास गेले तरी नुकसानाला मर्यादा असते, वेळेच्या पद्धतीत सगळं संपतं. गोष्ट सांगणारे हा नियमबदल हमखास विसरतात, आणि खरा घाव तर तिथेच आहे.

म्हातारपणी क्रिस्तोफने ही हकीकत स्वतः सांगितली. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, गाव साधारण दहा किलोमीटरवर असताना हँडल विचित्र वाटलं म्हणून तो थांबला. दहा, चौदा नव्हे. आणि दुसरी, जी वाचून मी खुर्चीत सरळ बसले: फोर्क मोडल्याचं त्याने तेव्हा सांगितलंच नाही, कारण त्याने मालक कंपनीची बदनामी झाली असती! मग जुन्या बातमीत खरं कारण सापडेल ही आशाच डळमळीत.

घाटमाथ्यावर मला एका सायकलवेड्या जोडप्याने व्हॅनमधून सोडलं. तिथून सँत-मारी-द-काँपाँ हे गाव 17 किलोमीटर खाली. मी पायी उतरले. चौदा धरले तर फोर्क माथ्यापासून तीनेक किलोमीटरवर मोडला, म्हणजे ला मोंजी या स्कीच्या वस्तीच्या वर. दहा धरले तर त्या वस्तीच्याही खाली. आजचा रस्ता तंतोतंत 1913 चाच आहे असं मात्र धरू नका. गावात पोचायला त्याला दोन तासांच्या आसपास लागले असं बहुतेक ठिकाणी येतं. सायकल खांद्यावर घेऊन दोन तासांत दहा किलोमीटर म्हणजे झपाझप चालणं. चौदा म्हणजे बराचसा वेळ पळणं. माझे रिकाम्या खांद्याने, चांगल्या बुटांनी, पूर्ण 17 किलोमीटरला साडेचार तास गेले आणि गुडघे दोन दिवस बोलत होते. याने सिद्ध काही होत नाही, पण माझा कल आता दहाकडे आहे.

गावात त्याचा पुतळा आहे, हातात फोर्क. भट्टीच्या जागी पाटी आहे. नियम असा होता की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाची मदत नाही. एका पोराने भाता मारला म्हणून पंचांनी त्याच्या वेळेत दहा मिनिटांची भर घातली, पुढे ती तीनवर आणली. तरीही तो त्या वर्षी सातवा आला. शर्यत जिंकली फिलिप तीसने.

त्या पाटीसमोर उभी असताना सरांच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं, आणि ते माझ्या सोयीचं नव्हतं. धातू थकून मोडला की एका तडाख्यात, हे तुटलेल्या पृष्ठभागावरून कळतं. थकव्याने चीर हळूहळू सरकते, तिच्या कडांचे अर्धवर्तुळाकार पट्टे राहतात, वाळूवर लाटांचे राहतात तसे. क्रिस्तोफने त्या दिवशी नेमका तोच भाग तापवला, ठोकला, जोडला. पुरावा भट्टीत गेला. पुढे 1919 आणि 1922 मध्येही त्याचे फोर्क मोडले, त्यामुळे संशय थकव्याकडेच जातो, पण संशय म्हणजे निदान नव्हे.

परत आल्यावर पहिली स्लाइड काढून टाकली नाही. "थकव्याने" हा शब्द खोडला, 14 च्या जागी 'सुमारे 10 (क्रिस्तोफच्या स्वतःच्या आठवणीनुसार)' लिहिलं. पुढची बैठक ऑगस्टमध्ये आहे. सर या वेळी 'आठवणीनुसार' या शब्दावर बोट ठेवतील, असा माझा अंदाज आहे.