शाब्बाथाचे तोरावाचन आणि आपले जीवन

प्रभू येशू शाब्बाथ दिवशी नाझरेथच्या सभास्थानात गेला आणि वाचनासाठी उभा राहिला, असे संत लूक सांगतो (लूक ४:१६). त्याच्या हाती यशया संदेष्ट्याचा ग्रंथ देण्यात आला. शाब्बाथ दिवशी शास्त्र वाचून त्यातून जीवनासाठी बोध घेण्याची ही परंपरा यहुदी समाजात आजही चालू आहे. तिची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

वाचनाची पद्धत

तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांचे ५४ भाग केलेले आहेत. अशा भागास 'पाराशा' म्हणतात. दर शनिवारी सकाळी हस्तलिखित चर्मपत्राच्या गुंडाळीतून त्या आठवड्याचा भाग वाचला जातो. काही आठवड्यांत दोन भाग एकत्र येतात. वाचनासाठी सात जणांना पाचारण केले जाते. त्यानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथातील उतारा वाचतात. सिम्हाथ तोरा या सणाला अनुवादाचा शेवट वाचून त्याच दिवशी उत्पत्तीचा आरंभ करतात. वाचन कधी संपत नाही.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल

आपल्या मराठीतही हा बोध घुमला आहे. कोकणातील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत; शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली उभे राहिले. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास या समाजाने कीर्तनाचा मार्ग स्वीकारला आणि आब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी आख्यानांतून गायिली. पुढे समाजाचे बहुसंख्य लोक इस्राएलला गेले.

शास्त्रातून शेताच्या बांधावर

'केदोशीम' या पाराशात (लेवीय १९) शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेली कणसे वेचू नयेत, ती गरीब व परक्यांसाठी ठेवावीत, अशी आज्ञा आहे. 'की तेत्से' या भागात (अनुवाद २४) मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, असे बजावले आहे. कारण तो गरीब असून त्याचे चित्त तिच्याकडे लागलेले असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील आपल्या भाविकांना हे शब्द दूरचे नाहीत. गळीत हंगामात ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन फडात येतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मजुरी टनावर ठरते व उचलीतून वळती होते. दिवसभर राबलेल्या स्त्रीच्या हातात संध्याकाळी स्वतःची अशी मजुरी पडत नाही. आपल्यापैकी कुणी मजूर आहेत, तर कुणी मजूर लावणारे आहेत. शास्त्रवचन दोघांच्याही दारी येऊन उभे राहते.

आपल्यासाठी

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात यहुदी लोकांशी असलेले आपले आध्यात्मिक नाते स्पष्ट केले. परिषदेनंतर रविवारच्या मिस्साची वाचने तीन वर्षांच्या चक्रात मांडण्यात आली आणि पहिले वाचन बहुधा जुन्या करारातून होऊ लागले. ते ऐकून विसरले जाऊ नये. शनिवारी सायंकाळी कुटुंबाने एकत्र बसून दुसऱ्या दिवशीचे पहिले वाचन मोठ्याने वाचावे आणि प्रत्येकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : या आठवड्यात मी कुणाचे देणे लागतो? उत्तर मिळाले, तर ते देणे सूर्यास्तापूर्वी द्यावे.