पणजीच्या दोन तिथ्या

सनावळ्या पाठ करण्याचा मला शाळेत भारी कंटाळा. परवा घरच्या जुन्या वहीत पणजीच्या दोन तिथ्या सापडल्या : जन्म भाद्रपद शके १७९८, मृत्यू आश्विन शके १८४०. म्हणजे १८७६ आणि १९१८.

जन्मसाली पाऊस गेला, म्हणून घराने तिला जन्मभर ‘पांढऱ्या पायाची’ म्हटले. पण तो दुष्काळ मुंबई इलाखा, हैदराबाद, म्हैसूर, मद्रास असा पसरला होता. लाखो माणसे गेली. तान्ह्या पोरीच्या पावलांनी एवढा मुलूख सुकतो? १९१८ सालीही पाऊस हुकला, त्यात इन्फ्लुएंझाची साथ. पणजी बेचाळिसाव्या वर्षी गेली.

सर, सनावळ्या कशासाठी ते उशिरा कळले. वहीत तिच्या जन्मतिथीपुढे मी दुष्काळाची हकीकत लिहून ठेवली आहे. आळ फिटला.