उसने म्हातारपण

जंगल तोडले तरी पुन्हा लावता येते, असे आपण सहज म्हणून जातो. रोपे लावली, जगवली, की झाडे उभी राहतातही. पण जुन्या झाडाची ढोली काही रोपवाटिकेत मिळत नाही. तिच्यासाठी झाडाला म्हातारेच व्हावे लागते. अमेरिकेत एका सुतार पक्ष्याच्या निमित्ताने हे कसे उमगले, त्याची ही हकिगत.

त्या देशाच्या आग्नेय भागात, व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत, एके काळी लाँगलीफ पाइनची सुमारे नऊ कोटी एकर जंगले होती. लाकूड, टर्पेंटाइन आणि शेती यांपायी ती गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतली जेमतेम तीन टक्के उरली होती.

या जंगलात रेड-कॉकेडेड वुडपेकर राहतो. मैनेपेक्षा थोडा लहान, काळापांढरा पक्षी. बहुतेक सुतार पक्षी वाळलेल्या किंवा कुजलेल्या लाकडात घर करतात. हा मात्र जिवंत पाइन पोखरतो. तरुण पाइनमध्ये हे जमत नाही, कारण बाहेरच्या लाकडातून चिकट राळ झिरपते. झाड ऐंशी-शंभर वर्षांचे झाले, की आतला कोरडा गाभा पुरेसा रुंद होतो, बुरशी लागून मऊही पडतो. तिथवर पोचायला पक्ष्याला अनेकदा कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच ढोली ही त्याची वडिलोपार्जित इस्टेट. अनेक तरुण नर घर सोडत नाहीत. आईबापांना पिल्ले वाढवायला मदत करत राहतात. जुनी झाडे संपत गेली, तसा पक्षीही आटला. 1970 मध्ये त्याची नोंद संकटग्रस्तांच्या यादीत झाली.

दक्षिण कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मेरियन राष्ट्रीय वनात मात्र तो चांगला टिकून होता, वाढतही होता. 21 सप्टेंबर 1989 च्या मध्यरात्री ह्यूगो हे चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले. एका रात्रीत ढोल्यांची 87 टक्के झाडे आणि 63 टक्के पक्षी गेले. कित्येक झाडे तर नेमकी ढोलीपाशीच मोडली, कारण खोड तिथेच पोकळ होते. उभी राहिली ती बहुतांशी तरुण झाडे. वाचलेल्या पक्ष्यांना रात्री टेकायला जागा नव्हती.

शंभर वर्षे थांबायला सवड नव्हती. वनखात्याच्या डेव्हिड ॲलन यांनी साधी युक्ती काढली. उंचावर जाऊन यांत्रिक करवतीने जिवंत खोडात चौकोनी खाच पाडायची आणि तीत देवदारासारख्या लाकडाची, आधीच पोखरून ठेवलेली पेटी घट्ट बसवायची. पेटीच्या लाकडामुळे राळ आत येत नाही. कॅरोल कोपयॉन यांनी खोडातच गिरमिटाने ढोली कोरण्याची रीतही त्याच सुमारास बसवली होती. अशा शेकडो ढोल्या तयार झाल्या, आणि पक्षी त्यांत राहायला आले.

उत्तर कॅरोलिनातल्या एका प्रयोगाने तर शंकाच ठेवली नाही. 20 ठिकाणी कोरीव ढोल्या दिल्या, तशाच 20 ठिकाणी दिल्या नाहीत. ढोल्यांच्या 18 ठिकाणी पक्ष्यांनी बिऱ्हाड थाटले. उरलेल्या वीसांपैकी एकाही ठिकाणी नाही. अडलेले होते ते घरावाचून!

1970 च्या दशकाच्या अखेरीस या पक्ष्याचे सुमारे 1,470 गट उरले होते. 2024 मध्ये ही संख्या 7,800 च्या घरात गेली आणि त्याची धोक्याची पायरी एकाने खाली आली. यात कृत्रिम ढोल्यांचा वाटा मोठा, पण एकटा नाही. पाइनखालची झुडपे हटवण्यासाठी ठरवून लावलेली आगही तितकीच गरजेची होती.

तरी ही पेटी म्हणजे उसनवारीच. ती बसण्याइतके खोड जाड लागते, तिची निगा राखावी लागते, आणि ती पुन:पुन्हा माणसानेच बसवावी लागते. म्हणून तिथले वनाधिकारी पेट्या बसवतात आणि त्याच वेळी आजची झाडे न तोडता म्हातारी होऊ देतात.

आपल्या कोकणातला धनेशही घरट्यासाठी मोठ्या, जुन्या झाडाची ढोलीच शोधतो. ते झाड ‘पोकळ, निरुपयोगी’ म्हणून तोडायला एक सकाळ पुरते. पेटी बसवून पक्ष्याला आजचा निवारा देता येईल. झाडाची शंभर वर्षे मात्र कुठल्याही करवतीने कोरून देता येणार नाहीत.